इंगळे सर, तुमच्या डोळ्यांत दिसलं ते

सर, तुमच्या उजव्या डोळ्यात मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरला होता. दवाखान्याच्या आतल्या खोलीत खिडकीवर घोंगडी टाकून मी अंधार केला होता. डोळ्यात पाहायचं ते यंत्र असं, की बघणाऱ्याला गालाला गाल लागेल इतकं जवळ जावं लागतं. मी म्हणालो, "सर, श्वास घ्या. काही दुखणार नाही."

"दुखाचं नाई डॉक्टरसाहेब," तुम्ही म्हणालात, "सवय हाये. कोनी लय जवळ आलं का माहा श्वास आपोआप थांबते."

मी हसलो. तुम्हीही हसलात. मला ती गंमत वाटली होती.

नवं राज्य होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. तुम्ही त्याआधी काही वर्षं आमच्या हायस्कुलात गणित शिकवायला आलेले, मी गावातला एकुलता एक डॉक्टर. तुमचं मूळ गाव जानेफळ. घराण्यातले पहिले मॅट्रिक तुम्हीच, पहिले पदवीधर तुम्हीच, आणि ज्या वर्षी तुमच्या सगळ्या वस्तीनं बुद्धाला शरण जाऊन जुनं सगळं टाकून दिलं, त्या वर्षी तुम्ही नागपूरला कॉलेजात होतात. हे तुम्ही मला पुष्कळ नंतर सांगितलंत. त्या दिवशी तुमची तक्रार एवढीच होती, की फळ्यावरची अक्षरं मधूनच हलल्यासारखी दिसतात, चष्मा लागला असेल तर देऊन टाका.

नागपूरला एका डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली मी वर्षभर काढलं होतं, म्हणून ते यंत्र माझ्याजवळ होतं. ते नसतं तर मी तुम्हाला चष्मा देऊन मोकळा झालो असतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात. माणसाच्या अख्ख्या देहात ही एकच जागा अशी, जिथं चिरफाड न करता त्या प्रत्यक्ष बघता येतात. तुमच्या वयाच्या माणसाच्या त्या भरलेल्या आणि नरम वळणांच्या असायला हव्या होत्या. तुमच्या बारीक झाल्या होत्या, तांब्याच्या तारेसारख्या चकाकत होत्या. जिथं धमनी शिरेवरून जाते तिथं शीर चिमटीत धरल्यासारखी दबली होती. आणि एका कडेला रक्ताचा बारीक ओरखडा होता.

मी रक्तदाब पाहिला. पाहून पुन्हा पट्टा बांधला.

"यंत्र बिघडलं का?" तुम्ही विचारलंत.

"नाही," मी म्हणालो. "सर, तुम्हाला कसला त्रास आहे?"

"त्रास म्हनजे? जेवतो, झोपतो, शिकवतो."

"मनाला काही?"

तुम्ही शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलंत आणि म्हणालात, "त्याचं औषध हाये का तुमच्याजवळ?"

माझ्याजवळ सर्पगंधाच्या गोळ्या होत्या. मीठ कमी करा, जागरण नको, राग नको, असं मी सांगितलं. तुम्ही सगळं वहीत उतरवून घेतलंत, आणि 'राग नको' च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलंत. ते मी पाहिलं होतं, सर.

मग तुम्ही दर रविवारी यायला लागलात. मी पट्टा बांधायचो आणि नंतर आपण बसायचो. तुम्ही मला आकडे समजावून सांगायचात. डॉक्टर होऊनही मला सरासरी म्हणजे काय हे नीट कळलं नव्हतं. ते तुम्ही ज्वारीच्या कणसांवरून समजावलंत. माझ्या मोठीला भूमितीची भीती वाटायची, ती तुमच्या तीन रविवारांत गेली. दुपारचा चहा यायचा. मला कपात, तुम्हाला काचेच्या पेल्यात. तो पेला आमच्या घरात खिडकीच्या चौकटीवर वेगळा असायचा आणि तुम्ही गेल्यावर आई त्याच्यावर पाणी ओतून पुन्हा तिथंच ठेवायची. एका रविवारी माझ्याच्यानं राहवलं नाही आणि मी म्हणालो, "सर, आई म्हातारी आहे हो."

तुम्ही चहाचा घोट घेतलात. म्हणालात, "हो, त्या म्हाताऱ्या हायेत. तुमी तं नाई."

आपला वाद तिथंच सुरू झाला असता तर बरं झालं असतं. मी गोळ्यांचा विषय काढला.

शाळेत तुमच्याबाबत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. शाळा चालवणाऱ्या समितीत मी सभासद होतो. गावात शिकलेला माणूस म्हणून मला घेतलं होतं. जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा पदवीधरांत सर्वांत जुने शिक्षक तुम्हीच होतात, म्हणून कार्यभार तुमच्याकडे आला, पण 'तात्पुरता'. दर सहा महिन्यांनी तो 'तात्पुरता' शब्द नव्यानं लिहिला जायचा. पहिल्याच महिन्यात आमचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी तुम्हाला पत्र दिलं, की लेखी हुकूम नसताना आपण मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर कसे बसता याचा खुलासा करावा. तुम्ही खुलासा दिलात आणि दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर बसायला लागलात. प्रार्थनेची घंटा चार मिनिटं उशिरा का झाली, खुलासा. परसातलं लिंबाचं झाड वाळलं, खुलासा. तपासणीला आलेल्या साहेबांना हार आधी कुणी घातला, खुलासा. शिपाई महादू सगळ्यांच्या हातात पेला द्यायचा आणि तुमच्या ओंजळीत वरून पाणी सोडायचा. त्याबद्दल कुणीही कुणाला खुलासा विचारला नाही.

बापूसाहेब आरडाओरडा करणारा माणूस नव्हता, हे इथं नोंदवलं पाहिजे. ते तुम्हाला 'इंगळे मास्तर' म्हणायचे आणि हसून बोलायचे. तुम्हाला कधी कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. उद्या काढतील की परवा, एवढंच चार वर्षं टांगतं ठेवलं.

माणसाला धोका दिसला की त्याच्या रक्तवाहिन्या आवळतात, काळीज जोरात चालतं, दाब वाढतो. धोका सरला की सगळं सैल पडतं. शरीराची ती जुनी रीत आहे आणि तिच्यामुळंच माणूस जगला. पण धोका सरतच नसेल, दर सोमवारी लिफाफ्यातून येत असेल, तर त्या नळ्या आवळलेल्याच राहतात. मग त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, आणि कुठं तरी एखादी जागा कच्ची पडते. हे मी तुम्हाला एका रविवारी सांगितलं होतं. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत आणि विचारलंत, "डोळ्यात असं हाये, तं मेंदूत बी असंच असंन?"

"डोळ्यातल्या रक्तवाहिन्या मेंदूच्याच घराण्यातल्या, सर. इथं दिसतं तेच आत असतं."

"मंग तुमी माह्या डोळ्यातून माहा मेंदू पाहून राह्यले म्हना की."

त्यानंतर तुम्ही एक काम केलंत, जे माझ्यासारख्या डॉक्टरला सुचायला हवं होतं. म्हणालात, फक्त रविवारी मोजून कळणार नाही, मधल्या वारीही मोजा. शाळा सुटल्यावर तुम्ही यायचात, मी आकडा सांगायचो, तुम्ही खिशातल्या डायरीत टिपायचात. असं पाऊणेक वर्ष चाललं. मग एक दिवस तुम्ही आलेखाचा कागद घेऊन आलात. खाली तारखा, उभ्या रेघेवर दाब, आणि लाल पेन्सिलनं काढलेली एक रेघ. मी आजवर पाहिलेला तो सर्वांत नीटनेटका कागद आहे.

"हे पाहा," तुम्ही म्हणालात. आवाजात आनंद होता, अवघड गणित सुटल्यावर होतो तसा. "रोग कुठी राह्यते ते सापडलं."

रेघ जिथं जिथं वर गेली होती तिथं तुम्ही बारीक अक्षरांत कारण लिहिलं होतं. खुलाशाचं पत्र. खुलाशाचं पत्र. समितीची बैठक. पत्र. उन्हाळ्याच्या सुटीत रेघ सरळ खाली उतरली होती.

मी म्हणालो, "सुटीत तुम्ही जानेफळला भावाकडे होतात, फक्त रविवारी मोजायला यायचात. मोकळी हवा, शेतात फिरणं. त्यानं उतरला असेल."

"मले वाटलंच तुमी असं म्हनान." तुम्ही बोट दिवाळीवर ठेवलंत. "दिवाळीत म्या अठीच होतो. घरीच. शाळा तेवढी बंद होती. तवाही रेघ खाली हाये. हवेचा काई संबंध नाई, डॉक्टरसाहेब."

मी कागद पाहत राहिलो. समितीच्या बैठकीची सहा टोकं होती त्यावर. सहाही बैठकांना मी हजर होतो. तुम्ही दाराशी उभे, आणि मी टेबलाच्या डाव्या बाजूला तिसऱ्या खुर्चीवर. तुम्ही ते बोलला नाहीत. त्या टोकांवरून तुमचं बोट झरकन पुढं गेलं.

"बदली मागा," मी म्हणालो. "जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. बुलढाण्याला माझी ओळख आहे."

"आनि अठी कोन येईन?"

"कोणी का येईना. तुमचा जीव महत्त्वाचा."

"माह्या वर्गात आमच्या वस्तीतली नऊ पोरं हायेत. त्याईच्या बापानं त्याईले माह्याकडं पाहून शाळेत धाडलं. म्या गेलो तं ते काय समजतीन? का आपल्या मानसाले अठी टिकता येत नाई."

"तुम्ही मेलात तर काय समजतील?"

तुम्ही आलेखाची घडी घालून ती माझ्या टेबलावरच ठेवलीत. मग म्हणालात, "मानूस बदलाचा का जागा बदलाची, एवढाच सवाल हाये. तुमी मले बदलून राह्यले. म्या म्हनतो, जागा बदलून पाहू."

हा आपला वाद वर्षभर चालला. मी माझ्या बाजूनं पुस्तकं काढायचो. पुस्तकात आनुवंशिकता होती, मीठ होतं, मूत्रपिंड होतं. खुलासा मागितल्यानं रक्तदाब वाढतो असं कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही, आणि ते सापडत नाही याचं मला आतून बरं वाटत होतं, हे आज लिहितो. तुमच्या वडलांनाही लकवा झाला होता, हे तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा रक्तातलंच असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, की किती वाटा रक्ताचा आणि किती आमचा. पण तुमचे वडीलही आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभेच होते.

गोळ्या तुम्ही मधूनच बंद करायचात. एकदा मी चिडलो. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "ही गोळी घेतली का डोक्यावर ओली गोधडी टाकल्यावानी होते. गनित सुचत नाई. पोरं सवाल इचारतात आनि म्या त्याईच्या तोंडाकडं पाहत राह्यतो. दाब उतरते, हे खरं. पन म्या बी उतरतो त्याच्यासंगं." दुसरं चांगलं औषध तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. अर्धी गोळी घ्या, एवढंच मी म्हणू शकलो.

या वर्षी संक्रांतीनंतर तुम्ही शाळेच्या वेळात दवाखान्यात आलात, तेव्हाच मी घाबरलो. वर्गात शिकवताना तुमचा एक शब्द हरवला होता. 'त्रिकोण'. समोर काढलेला, पण नाव येईना. जीभ जड झाली, उजव्या हाताला मुंग्या आल्या, आणि दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. "शब्द तोंडात होता," तुम्ही म्हणालात, "पन निंगेच ना." तुम्ही ते हसत सांगत होतात, पण डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवला होता. मी आत नेऊन डोळे पाहिले. ताजे रक्ताचे ओरखडे होते, कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच्या पडद्यात आणि या पडद्यात चार वर्षांचं अंतर होतं, आणि ती चारही वर्षं मला त्यात दिसत होती.

"सर, महिनाभर अंथरुणावर. आजपासून."

"मॅट्रिकचा अभ्यास राह्यला हाये. आनि बैठक बी आता पंधरा दिवसांवर आली."

ती बैठक मलाही माहीत होती. मुख्याध्यापकाचं पद कायम भरा, असं वरून पत्र आलं होतं. ज्येष्ठतेनं ते तुमचंच होतं. रजा टाकली असती तर कार्यभार दुसऱ्याकडं गेला असता आणि मग तुमच्याकडं पुन्हा आलाच नसता. तुमचा हिशेब बरोबर होता. मी म्हणालो, "ठीक आहे. बैठकीत मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "तुमी बोलसान?"

"बोलेन."

तुम्ही मान हलवलीत. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तुम्ही शीळ घातली होती. मी तुम्हाला शीळ घालताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

बैठकीत बापूसाहेबांनी तुम्हाला बोलावून नेहमीप्रमाणं दाराशी उभं केलं. मग चार वर्षांतले खुलासे एकेक करून वाचायला घेतले. घंटा, लिंबाचं झाड, हार. प्रत्येकाला तुम्ही उत्तर देत होतात, स्वच्छ पुस्तकी मराठीत, जशी तुम्ही फक्त तिथं बोलायचात. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. तुमच्या कानाजवळची शीर उडताना मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती. तुम्ही एकदा उजव्या हाताची मूठ वळून उघडलीत. मला वाटलं, आता इथंच पडतील.

बोलायचं ठरवून आलो होतो. इंगळे सर लायक आहेत, ज्येष्ठ आहेत, आणि इतकी वर्षं आपण त्यांचा जो छळ केला तो अन्याय आहे, असं बोलायचं होतं. वाक्यं घरी जुळवून ठेवली होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बापूसाहेब, आता पुरे करा," मी म्हणालो. "सरांचा रक्तदाब फार वाढलेला आहे. त्यांना हे झेपणार नाही."

'हे' म्हणजे ती उलटतपासणी. मला तेच म्हणायचं होतं, सर. पण बापूसाहेबांनी कागद खाली ठेवले आणि चेहरा अगदी कनवाळू केला.

"डॉक्टरच म्हणतात, झेपणार नाही," ते म्हणाले. "मग आपण कशाला माणसाच्या जिवाशी खेळायचं? मुख्याध्यापकी म्हणजे दगदग. मास्तरांनी आपलं शांतपणे गणित शिकवावं. काय मंडळी?"

मंडळींनी माना डोलावल्या. कुणाच्या तरी तोंडून सुटकेचा श्वास ऐकू आला. इतकी वर्षं त्यांना एक कारण हवं होतं, ज्यात कुणाचीच जात निघत नाही. ते मी दिलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं बैठकीच्या वहीत लिहिलं गेलं. मी असं म्हणालो नाही, एवढे चार शब्द बोलायला पुष्कळ वेळ होता. वही फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी सही केली.

बाहेर पटांगणात तुम्ही थांबला होतात. मी जवळ आलो. तुम्ही वऱ्हाडीत बोलला नाहीत. जी मराठी तुम्ही दाराशी उभं राहून बोलायचात तीच माझ्याशी बोललात.

"डॉक्टरसाहेब, आपण खोटं बोलला नाहीत. पण अर्धंच बोललात. माझ्या डोळ्यांत काय आहे ते आपण सांगितलंत. ते का आहे, ते नाही सांगितलंत."

मी म्हणालो, "सर, मी तुमचा जीव वाचवायला बघत होतो."

"असेल," तुम्ही म्हणालात, आणि सायकल घेऊन गेलात.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. तुमचं घर माझ्या दवाखान्यापासून पाच मिनिटांवर होतं. मीही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं आठ दिवस केलं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, हे कारण. लाज वाटत होती, हे खरं कारण. तुमच्या गोळ्या संपल्या असतील हे मला दिवसांवरून माहीत होतं.

नवव्या दिवशी सकाळी महादू धावत आला. दहावीच्या वर्गात तुमच्या हातातून खडू पडला. तुम्ही तो डाव्या हातानं उचलून डाव्या हातानं लिहायला लागलात, तर पोरांना वाटलं सर गंमत करतात, आणि ती हसली. मग तुम्ही खाली बसलात. मी पोचलो तेव्हा तोंड वाकडं झालं होतं, उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. जालन्याला न्यावं का, असं सगळे विचारत होते. त्या खडबडीत रस्त्यानं हलवलं तर वाटेतच जाल असं मला वाटलं. दवाखान्याच्या आतल्या खोलीत तुम्हाला ठेवलं.

तीन दिवस. तुमच्या घरून आलेल्या वहिनी उशाशी बसून होत्या, जागच्या हलल्या नाहीत. तुमचे डोळे उघडे असायचे. मी यंत्र घेऊन पुन्हा पाहिलं. आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, पडदा सुजून सगळं एक झालं होतं. तरी मी बराच वेळ तसाच वाकून राहिलो. तुमच्या कानाशी होतो म्हणून बोललो. बैठकीत जे बोलायचं होतं ते सगळं बोललो, क्रमानं, घरी जुळवलं होतं तसं. तुम्हाला ऐकू गेलं की नाही हे मला, डॉक्टर असून, सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

शाळेत शोकसभा झाली. बापूसाहेब म्हणाले, जुन्या दुखण्यानं एका सज्जन शिक्षकाला आपल्यातून नेलं. मी उठलो. तुम्ही दाराशी किती तास उभे राहिलात, ते मला उभं राहिल्यावर आठवलं. मी म्हणालो, दुखणं जुनं होतं, पण ते सरांनी घरून आणलेलं नव्हतं. त्यांनी स्वतः काढलेला आलेख मी सगळ्यांसमोर धरला आणि प्रत्येक टोकाखालचं कारण वाचून दाखवलं. म्हणालो, या बैठकांना मी होतो. शेवटच्या बैठकीत 'प्रकृती' हे कारण माझ्या तोंडून आलं, आणि मी सही केली. सरांची प्रकृती चांगली नव्हती ती आमच्यामुळं.

बापूसाहेब म्हणाले, "डॉक्टर, दुःखाच्या भरात माणूस काहीही बोलतो. बसा."

मग मागून महादू बोलला. भिंतीला टेकून उभा होता. "डॉक्टरसाहेब खरं सांगून राह्यले," तो म्हणाला. "सरकारी कायद्यानं पेला द्याचा होता सरले. म्या वरून पानी टाकलं. मले कोनी सांगितलं नव्हतं तसं कर म्हनून. पन कोनी नको करू, असं बी सांगितलं नाई."

सभा तिथंच उठली. दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज दिला, की बैठकीच्या वहीत माझं म्हणणं चुकीचं नोंदवलं आहे, ते दुरुस्त करावं, आणि माझा राजीनामा घ्यावा. राजीनामा घेतला. दुरुस्तीचं उत्तर अजून नाही. नवे मुख्याध्यापक बाहेरगावाहून आले आहेत, तरुण आहेत, आल्या दिवसापासून खुर्चीवर बसतात. तुमच्या वस्तीतल्या नऊ पोरांपैकी आठ येतात. नवव्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. बाप म्हणतो, पाहू. समितीतली मंडळी आता औषधाला देऊळगाव राजाला जातात. आई माझ्याशी बोलते, पण कमी. तो काचेचा पेला मी आतल्या फळीवर आमच्या कपांत ठेवला. ती त्या फळीला हात लावत नाही. यातलं काहीच तुमच्या बाजूनं लागलेलं नाही, सर. मी तुम्हाला चांगली बातमी देऊ शकत नाही.

एक मात्र बाकी होतं. तुमच्या मागं वस्तीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, सगळी माणसं पांगल्यावर, मी वहिनींपाशी बसलो. म्हणालो, "वहिनी, तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी बैठकीत सरांच्या आजाराचं मीच बोललो. त्यांनी माझ्यावर विश्वासानं टाकलेली गोष्ट होती. तिचाच त्या लोकांनी उपयोग केला, आणि मी गप्प राहिलो."

वहिनी ताटल्या गोळा करत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मले ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "त्याईनं त्याच दिवशी सांगितलं. भाकर खाता खाता."

मला पुढं विचारायची हिंमत नव्हती. तरी विचारलं. "रागावले होते?"

"रागावले व्हते. भाकर अर्धी टाकली." त्यांनी ताटल्या एकावर एक ठेवल्या. "म्या म्हनलं, आता त्या डॉक्टरच्या दारात पाय ठेवू नका. तं म्हने, नाई व, मानूस वाईट नाई तो. त्याले अजून थोडा वेळ लागन."

वेळ लागला, सर. तुमच्यापाशी होता त्याहून जास्त लागला.